नळीतील हवा

दोन महिन्यांपूर्वी प्रवासात आमच्या मोटारीच्या पुढच्या ब्रेकची रबरी नळी फुटली, म्हणून वाटेतल्या एका गॅरेजात ती बदलून घेतली. तेव्हापासून ब्रेकवर पाय ठेवला की तो पूर्वीपेक्षा अंमळ अधिक खाली जाई. ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, असे मी म्हणणार नाही. चांगली लक्षात आली होती. परंतु 'नवी नळी आहे, चार दिवसांनी बसेल', अशी मी मनाची समजूत घातली. चार दिवसांनी बसला तो ब्रेक नव्हे, माझा पाय!

पुण्यास नोकरीला असलेली माझी मुलगी शनिवारी घरी आली, आणि मोटार पनवेलच्या बाजारापर्यंत नेऊन परतताच म्हणाली, "बाबा, ब्रेक फार मऊ लागतोय. पाय खाली जातो."

"तुला या गाडीची सवय राहिली नाही," वर्तमानपत्रातून डोके वर न काढता मी उत्तर दिले. तीस वर्षे वर्गात बोलत आलेल्या मनुष्याला शंकेचे निरसन करणे आणि शंका विचारणाऱ्याला गप्प बसविणे यांतील भेद हळूहळू कळेनासा होतो.

मंगळवारी सकाळी करंजाड्यातूनच जात होतो. वेग बेताचाच होता. एका उभ्या टेंपोच्या आडून सहा-सात वर्षांचा एक मुलगा पतंगामागे धावत थेट रस्त्यात आला. मी ब्रेक दाबला, आणि पाय जवळजवळ तळाला जाऊन टेकला. दुसऱ्यांदा दाबला तेव्हा कोठे मोटार उभी राहिली; मुलगा नि ती यांच्यात हातभर अंतर असेल. त्याने पतंग उचलला, माझ्याकडे पाहून तो हसला आणि निघून गेला. त्याच्या दृष्टीने काही घडलेच नव्हते. माझे हात मात्र कितीतरी वेळ कापत होते. येत्या रविवारी हीच मोटार घेऊन माझी मुलगी बोरघाटाने जाणार होती!

मोटार हाकीत नेण्याचे धैर्य उरले नव्हते, म्हणून मी मिस्त्रींनाच बोलावून आणले. पंचविशीतला तरुण. त्याने एंजिन बंद ठेवून पेडल दाबले आणि मिनिटभर तसेच धरले. ते जेथे थांबले तेथेच राहिले. "मास्टर सिलिंडर आतून झिरपत असता, तर पाय सावकाश बुडत गेला असता," तो म्हणाला. मग त्याने पेडल भराभर चार वेळा दाबले. प्रत्येक वेळी ते थोडे वर येऊन घट्ट होत गेले. "हवा आहे, नाहीतर मागचे लायनर सैल आहेत." त्याने चारही चाकांच्या आतल्या बाजू पाहिल्या, कोठे ओल नव्हती. मागचे ड्रम उघडले. लायनर नीट होते. तेव्हा त्याने विचारले, "सर, एवढ्यात ब्रेकचं काही काम केलं होतं का?"

नळीची हकीकत सांगताना माझा आवाज खाली आला. 'हवा काढली ना?' असे मी त्या गॅरेजात विचारले होते. 'काढली' असे उत्तर मिळाले होते. आणि तेवढ्यावर पैसे देऊन मी निघालो होतो.

पास्कल मला ठाऊक होता तो 'पाँसे'चा कर्ता म्हणून. ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६७० साली निघाले. द्रवांच्या समतोलावरचा त्याचा निबंधही मरणोत्तरच, १६६३ सालचा. बंद भांड्यातील द्रवाला दिलेला दाब सर्वत्र सारखा पोचतो, म्हणून लहान दट्ट्यावरचा एक मनुष्य शंभरपट मोठ्या दट्ट्यावरील शंभरांना तोलून धरतो, असे त्याने त्यात दाखविले आहे. १९२१ साली अमेरिकेतील ड्यूझेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना याच तत्त्वावरचे ब्रेक बसविले गेले. परंतु हे सारे द्रव दबत नाही म्हणून चालते. हवा दबते. नळीत हवा शिरली की पायाचे बळ तिला दाबण्यातच खर्ची पडते आणि चाकापर्यंत अपुरे पोचते.

शिवाय तेलही जुन्या चहासारखे काळपट झाले होते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. 'डॉट ४' जातीचे नवे तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. तेच ओलावल्यावर १५५ अंशांच्या आसपास उकळू शकते. लांब उतारावर ब्रेक तापले की त्याची वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दबते. घाटाचा विचार मनात येऊन मी गप्प झालो.

मिस्त्रींनी मला पेडलवर बसविले आणि स्वतः सर्वांत दूरच्या मागच्या चाकाशी गेले. निपलला पारदर्शक नळी जोडून तिचे दुसरे टोक तेलाच्या बाटलीत सोडले. "दाबा. धरा. मी सांगेपर्यंत पाय उचलायचा नाही, सर." निपल सुटले की पाय खाली जाई, ते आवळल्यावरच "सोडा" अशी आज्ञा होई. एकदा मी आज्ञेपूर्वीच पाय उचलला. "हवा परत आत ओढली गेली," तो शांतपणे म्हणाला, आणि आम्ही त्या चाकाचे काम पुन्हा आरंभिले. पुढच्या चाकाशी आल्यावर नळीतून बुडबुड्यांची माळच्या माळ निघाली. शेवटी पेडल वरच्या वर, दगडासारखे थांबले.

त्या रात्री मी मुलीला फोन केला. "तुझं बरोबर होतं," एवढेच म्हणालो. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ती म्हणाली, "रविवारी तुम्हीही चला माझ्याबरोबर."

तिला पुण्यास पोचवून मी आगगाडीने परतलो. घाटात मंकी हिलला गाडी थांबली. "येथे कशाला थांबली?" असे शेजारचे गृहस्थ कुरकुरले. पुढचा सांधा चढावर जाणाऱ्या आडरुळाकडे वळविलेला असतो. गाडीने आधी आपण थांबू शकतो हे सिद्ध करावे, मगच तिला उताराचा मार्ग मोकळा होतो, असे मी त्यांना सांगितले. सांगता सांगता माझ्या लक्षात आले की, माझा उजवा पाय डब्याच्या जमिनीवर घट्ट रोवलेला होता.