फटफटीमागचे घर

चाळिशीनंतर माणसाला एखादे वेड लागतेच, असे म्हणतात. आमच्या कॉलेजातले सहकारी या वयात प्लॉट घेतात, गुडघ्यांना तेल चोळतात, नाहीतर पीएच.डी.चा विषय बदलतात. मी फटफटीमागे जोडायचे घर बांधायला काढले.

फटफटी वडिलांची. साडेतीनशे सीसीची बुलेट. वडील साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. कोणत्या फडात किती कोयते लावायचे, तोड वेळेवर सुरू झाली की नाही, हे बघायला ते भल्या पहाटे याच गाडीवरून निघत. त्यांच्यामागे गाडी माझ्या वाट्याला आली आणि पडवीत गंजत राहिली. मग एके दिवशी भंगारवाल्याकडे दुधाचे कॅन वाहायचा एक दुचाकी छकडा दिसला, आणि माझ्या डोक्यात चक्र फिरले. या छकड्यावर खोली चढवावी, सौ.ला पाठीमागे बसवावे, भिगवणला उजनीच्या पाण्याकाठी मुक्काम ठोकावा आणि सकाळी डोळे उघडताच समोर रोहित पक्षी बघावेत!

यात मी काही नवे करत नव्हतो. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका निवृत्त आरमारी डॉक्टराने १८८५ साली इंग्लंडात ब्रिस्टलच्या कारखान्यातून केवळ हौसेखातर असे फिरते घर बांधून घेतले होते. वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे, आणि वाटेतल्या लोकांना बाजूला करायला तीनचाकी सायकलवरून पुढे निघालेला नोकर! पुढे त्याने त्या प्रवासावर पुस्तकही लिहिले. माझ्याजवळ नोकर नव्हता, पण पुस्तक लिहिण्याची तयारी होती.

"यात मी झोपायचं म्हणता?" सौ.ने आराखडा पाहून विचारले. "सरळ, की दुमडून?"

लांबी साडेसहा फूट, रुंदी साडेतीन. तिचा प्रश्न अगदीच अन्यायाचा नव्हता.

वेल्डिंगवाल्याने मात्र काम मनावर घेतले. लोखंडी अँगलचा सांगाडा, वर प्लायवूड, त्यावर पत्रा, आणि जुन्या स्कूटरची दहा इंची चाके. त्याच्याकडून मी जे शिकलो ते एम.ए.ला कोणी शिकवले नव्हते. फटफटी वळणावर कलते, छकडा कलत नाही. म्हणून दोघांमधला सांधा मनगटासारखा चहूकडे फिरायला हवा. दुसरे म्हणजे, ओझे आसाच्या थोडे पुढे हवे. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा तरी दांडीवर पडला पाहिजे. ते मागे गेले की छकडा शेपूट हलवू लागतो, आणि मग शेपटीने कुत्र्याला हलवावे तसा तो फटफटीलाच हलवतो. मळ्याच्या वाटेवर मी हे स्वतः अनुभवून पाहिले. उसाच्या पाचटात पडलो म्हणून हा लेख लिहितो आहे.

मग कायदा आडवा आला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने जोडगाडीसुद्धा मोटार वाहनच. तिला इंजिन नसले तरी नोंदणी हवी. घरी बांधलेल्या खोलीची नोंदणी कशी करायची, या प्रश्नावर संबंधित कचेरीतल्या गृहस्थांनी माझ्याकडे ज्या दयेने पाहिले, ती दया मी एरवी नापास विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवतो. सारांश, घर अंगणात उभे राहिले.

तिथेच ते एका बाईंनी पाहिले. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बीड जिल्ह्यातला एक मुलगा होता. वसतिगृहात राहायचा, आईवडील ऊसतोडीला इंदापूर तालुक्यात आले होते. एका रविवारी आईला बाजार करवून तो घरी घेऊन आला. चहा झाला, आणि बाई थेट छकड्यापाशी गेल्या. वाकून आत पाहिले, पत्रा ठोकला, दार दोनदा उघडून लावले.

"पाणी कुठं ठेवणार, सर?"

पाण्याचा विचार मी केला नव्हता. पुस्तकांसाठी फळी केली होती.

"पयलं पाण्याचं बघावं," त्या म्हणाल्या. "मग पिठाच्या डब्याचं. आन् दार हिकडून नको, वाऱ्याच्या तोंडाला येतं. रात्रीचं गारठ्यानं मराल." मग जरा थांबून, "किती महिनं राहणार हितं?"

"दोन दिवस," मी म्हणालो.

बाई मनापासून हसल्या. त्यात टोमणा असता तर मला सोपे गेले असते. एवढ्याच जागेत त्या दिवाळीच्या सुमारास सारा संसार घालून निघत आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतत. मुलगा मात्र खाली मान घालून उभा होता. आपल्या आईमुळे तो लाजला की माझ्यामुळे, ते मला अजून उमगलेले नाही.

जाताना त्यांनी आग्रहाने कोपीवर बोलावले. मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी आम्ही दोघे बुलेटवरून गेलो. बेलवाडी ओलांडली. आषाढात तुकोबांच्या पालखीचे गोल रिंगण होते ते हे गाव. पुढे रस्त्यालगतच्या माळावर पाचटाच्या आणि चटयांच्या कोप्या होत्या, टायरगाड्यांची जुवे जमिनीला टेकलेली, बैल वाढे चघळत होते. आवाज ऐकून दोन-चार बाया लगबगीने कोप्यांतून बाहेर आल्या, आणि मला पाहून पुन्हा आत गेल्या.

ताई हसत म्हणाल्या, "तुमच्या गाडीनं घाबरवलं की समद्यांना! मी नवी लग्न करून आले तवा माळेगावाकडं होतो. असलीच गाडी यायची पहाटं तीनला. आवाज आला की उठायचं. ताप असू दे, पोर अंगावर असू दे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक पडला की अर्धाच कोयता, मुकादमाची उचल फिटायची कशी?"

"कोण यायचे?" मी विचारले. विचारायला नको होते.

"कारखान्याचं कोणीतरी साहेब. वाईट नव्हतं माणूस. गाडीवरून उतरायचं मातर न्हाई."

सौ.ने माझ्याकडे पाहिले नाही. भाकरी आली, ठेचा आला, वर दूध आले. ते कुणाच्या वाटचे होते, हे विचारायचा धीर झाला नाही. मुलाच्या परीक्षेबद्दल बोललो, पाण्याच्या पिंपासाठी छकड्यात कुठे जागा करावी यावर बोललो. वडिलांबद्दल मी काही बोललो नाही. तोंडापर्यंत आले होते.

निघायला नऊ वाजले. सगळ्या कोप्या निजल्या होत्या. तीनला उठायचे होते. मी गाडी स्टँडवरून काढली, किकवर पाय ठेवला, आणि पुन्हा खाली घेतला.

"ढकलू या का?" सौ. हळूच म्हणाली.

पावणेदोनशे किलोची गाडी आम्ही दोघांनी माळावरून डांबरी रस्त्यापर्यंत ढकलत आणली. तिथून आणखी पुढच्या मोरीपर्यंत नेली, आणि मगच सुरू केली.