देवमाशाचा आवाज का उतरला?

आम्ही पडलो हिशेबाची माणसं. बी.कॉम. झाल्यापासून गेल्या सालच्या आकड्याशेजारी यंदाचा आकडा मांडण्यात आमचा जन्म चालला आहे. म्हणूनच निळ्या देवमाशाची ही हकिकत आम्हाला फार जवळची वाटली.

निळा देवमासा हा पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी. म्हणायला मासा, पण पिलाला दूध पाजणारा. त्यातले नर गातात. पट्टी इतकी खालची की माणसाच्या कानाला ते गाणे जवळजवळ ऐकूच येत नाही. रेकॉर्डिंग वेगाने वाजवावे, तेव्हा कुठे कळते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ हे गाणे ओळखणारी यंत्रणा होती. तिचा सूर दरवर्षी थोडा खाली लावावा लागे, नाहीतर गाणे सापडेना. असे का, म्हणून मार्क मॅकडोनल्ड, जॉन हिल्डेब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी रेकॉर्डिंग तपासली. १९६० च्या दशकात सेकंदाला सुमारे २२ असणारी कंपने २००८ मध्ये १५ वर आली होती. म्हणजे ३१ टक्के घट! इतर महासागरांतही आवाज उतरतच होता. हे सर्व २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

कारण काय? माणसाने या प्राण्याची एवढी कत्तल केली की अंटार्क्टिकाच्या समुद्रात शंभरातला एकही धड उरला नाही. १९६६ मध्ये शिकारीवर बंदी आली आणि संख्या हळूहळू वाढू लागली. खालच्या पट्टीत आवाज तितका मोठा निघत नाही. सोबती जवळ आले, आता ओरडायचे कशाला, असा एक तर्क आहे. ऐकून मन सुखावते. पण संख्या सगळीकडे सारखी वाढलेली नाही, आवाज मात्र सगळीकडे उतरला. जहाजांच्या गोंगाटाचे म्हणावे, तर त्यावर मात करायला आवाज चढायला हवा होता. २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या लाखो नोंदींवरून आणखी एक गोष्ट दिसली. अंटार्क्टिकाच्या निळ्या देवमाशाचा सूर तिकडच्या उन्हाळ्यात थोडा चढतो. तेव्हा बर्फ फुटण्याचा आवाज वाढतो, त्याचा हा परिणाम असावा, असे संशोधकांना वाटते. अंतिम निकाल अजून लागलेला नाही. आवडलेले उत्तर आणि सिद्ध झालेले उत्तर यांतले अंतर संशोधकांनी राखले, हे आम्हाला मोलाचे वाटते.

एका वर्षाची घट कोणाच्या कानाला कळणारी नव्हती. जुनी रेकॉर्डिंग जपली होती म्हणून ती उघड झाली. कचेरीत जुनी रजिस्टरे रद्दीत काढताना आम्ही पाहतो, तेव्हा हेच मनात येते. आता आपल्या लक्षद्वीपमध्ये कवरत्तीजवळच्या समुद्रातही निळ्या देवमाशाचे गाणे टिपले गेले आहे. आपल्या पाण्यातली ही वही नुकती कुठे उघडली आहे. आपल्या नातवंडांना ती वाचता यावी, तर त्यात दरसाल नोंद पडत राहिली पाहिजे.