झाडाखालचं घर

माझं काम नकाशे दुरुस्त करायचं. ऐरोलीतल्या एका कंपनीत आठ वर्षं तेच करतोय. काम परदेशातल्या एका बड्या टेक कंपनीचं, पण आमच्या ओळखपत्रावर तिचं नाव नाही, आणि ते बाहेर कुठं घ्यायचं नाही असं आमच्याकडून सही करून घेतलंय. उपग्रहानं काढलेला फोटो स्क्रीनवर येतो. घर दिसेल तिथं चौकोन काढायचा, रस्ता दिसेल तिथं रेघ ओढायची, नाव चुकलं असेल तर सुधारायचं. एका टास्कला पंचेचाळीस सेकंद. पाच मिनिटं माऊस हलला नाही, तर नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो.

या कामाचा पहिला नियम असा की दिसत नाही ते काढायचं नाही. पावसाळ्यात चार महिने ढग असतात, म्हणून कोकणाचे फोटो बहुधा पावसानंतरचे. त्यांत नवे सिमेंटचे स्लॅब आणि निळे पत्रे लखलखीत दिसतात. आंब्या-फणसाखालचं कौलारू घर मात्र दिसत नाही. पण मी कोकणातला. पायवाट झाडीत शिरून तिथंच थांबत असेल तर तिच्या टोकाला घर असणार हे मला ठाऊक असतं. उगाच झाडीत कोण रोज चालत जाईल? एकदा मी असं घर काढलं. तपासणीवाल्यांनी चूक धरली आणि माझे गुण कापले.

गाव माझं महाड तालुक्यात, वरंध घाटाच्या बाजूला. तळीये हे गाव आमच्याकडून पायवाटेनं दोन तास. आमच्याकडं घरटी एक माणूस मुंबईत, ही जुनी रीत. वडील लालबागला गावकीच्या गाळ्यात राहायचे. गिरणीत ते बदली कामगार होते. सकाळी फाटकावर उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर आत घेणार, नाहीतर परत. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि दीड वर्षानं ते गावी आले ते कायमचेच. ते सांगायचे, सुटीचा भोंगा झाला की गिरणी आपल्या मागं येत नसे. माझ्या कामाच्या ग्रुपवर पाळी सुटल्यावरही निरोप पडतो आणि वाचल्याची निळी खूण तिकडं दिसते.

मार्च २०२०मध्ये सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं तेव्हा मी लॅपटॉप घेऊन गावी गेलो. आईला किती आनंद झाला होता! पण नेट चालेल इतकी रेंज फक्त देवळामागच्या टेपावर यायची. मी जांभळाखाली खाट टाकून बसायचो. ऊन चढलं की स्क्रीन दिसेनाशी व्हायची, ढग आले की रेंज जायची. महिन्यात माझे पिवळे ठिपके इतके झाले की पगार कापला गेला. जून लागायच्या आत मी कळंबोलीच्या खोलीवर परत आलो. घरून करायचं ते काम मला घरून करता आलं नाही, एवढीच त्याची हकीकत. आई म्हणाली, "जा बाबा. लावणी मी बायांला घेऊन आटपते." वडील तोवर वारले होते, त्यामुळं घरात ती एकटीच.

पुढच्या वर्षी आषाढी एकादशी झाली आणि पावसानं धरलं. २२ जुलै २०२१, गुरुवार. महाबळेश्वरला पडलेला पाऊस सावित्रीतून पोलादपूर, महाडला उतरतो, आणि त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पडला होता. सकाळपासूनच फोनवर महाडचे व्हिडिओ येत होते. बाजारपेठेत दुकानांच्या पाट्यांपर्यंत पाणी. दुपारनंतर तेही थांबले. आईचा फोन लावला तर संपर्कक्षेत्राच्या बाहेर. शेजारच्या काकांचा तसाच, पोलीस पाटलांचाही तसाच. माझी पाळी तीन ते बारा. एका हातानं फोन लावत होतो, दुसऱ्या हातानं कुठल्यातरी देशातल्या कुठल्यातरी शहराच्या गल्ल्या ओढत होतो. हिरवा ठिपका एकदाही पिवळा झाला नाही. ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

त्याच दिवशी तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर खाली आला. पोलादपुरात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथंही दरडी कोसळल्या. मला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, आमच्या गावच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर. दोनच शब्द होते : "तळीये गेलं."

हे इतक्या उशिरा का कळलं, हे मी नंतर समजून घेतलं. टॉवरला वीज लागते. वीज गेली की तो बॅटरीवर चालतो, ती संपली की डिझेलच्या जनरेटरवर. डिझेल घेऊन येणारी गाडी ज्या रस्त्यानं यायची तोच दरडीखाली. केबलही रस्त्याकडेनंच गेलेली. गरज लागते नेमकं तेव्हाच सगळं एकदम पडतं. ३० जुलै २०१४ला पुणे जिल्ह्यात माळीण गाडलं गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. बाहेरच्यांना ते कळलं एसटीच्या चालकामुळं. नेहमीच्या फेरीला तो आला आणि त्याला गावच दिसेना. म्हणजे तिथं गाव होतं हे ज्याला ठाऊक होतं, त्याच्याच ते लक्षात आलं. या गोष्टीचा मी फार विचार केलाय.

रजा टाकायला पोर्टल उघडलं. कारणांची यादी येते, तीतलं एक निवडायचं. आजारपण, लग्न, बाळंतपण, जवळच्या नात्यातला मृत्यू. आई आहे की नाही हेच माहीत नाही, असं कारण त्या यादीत नव्हतं. आमचा टीम लीड भला माणूस, पण त्याच्या हातात काही नव्हतं. कारण निवडल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही. मी आजारपण निवडलं. नोकरीत पहिल्यांदा खोटं लिहिलं.

मंडळाच्या चौघांबरोबर सुमोनं निघालो. महाडात पाणी ओसरलेलं होतं आणि शहरभर चिखल. लोक दुकानातला माल फावड्यानं बाहेर ओढत होते. बिरवाडीच्या पुढं गाडी सोडली आणि चालत गेलो. शनिवारी दुपारी घर दिसलं. आई चुलीपुढं होती, भाकऱ्यांची चळत फडक्यात बांधत होती. तळीयेला मदतीला गेलेल्या आमच्या वाडीतल्या पोरांसाठी ती शिदोरी. मला जवळ घेतलं, थोडी रडली, आणि पुन्हा परातीपाशी बसली. मी विचारलं, फोन कुठाय? तिनं तांदळाच्या डब्यातून काढून दाखवला. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, बंद करून ठेवलेला.

"चालू ठेवला असता तं कवाच मेला असता. रोज सांजच्याला लावून बघते, रेंज आली का, आन् परत बंद करते. तुला लावायला चार्जिंग राह्यला नको?"

मी तिला दोन दिवसांत साठ-सत्तर वेळा फोन केला होता. ती तो माझ्यासाठीच जपून ठेवत होती.

भाकऱ्या घेऊन मी वर तळीयेला गेलो. चिखलापर्यंत गेलो. तिथं पाहिलं ते लिहिणार नाही. ते ज्यांचं आहे त्यांनी सांगावं. फक्त एक गोष्ट सांगतो. वाटेत एका ओटीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते आणि त्यांच्यासमोर शाळेची वही घेऊन एक पोरगा. म्हातारे डोळे मिटून एकेका घराच्या दारात जात होते. "थोरला मुंबईला. त्याची बायको घरात. धाकटी पोर मामाकडं गेलेली बुधवारी, ती लिहू नको. म्हातारी घरातच, तिला कुठं जाता येतंय." पोरगा लिहीत होता. मध्येच ते थांबायचे, मग ओठ हलायचे, मग पुढचं घर. बाहेरून आलेल्या पथकाला कुठं उकरायचं हे असल्याच यादीवरून कळणार होतं. आठ वर्षांत मी किती लाख चौकोन काढले असतील, त्यांतल्या एकाही चौकोनाखाली कोण झोपतं हे मला सांगता येणार नाही.

शोध चार दिवसांनी थांबवला. ८०हून अधिक माणसं गेली. जी सापडली नाहीत, त्यांना मृत घोषित केलं गेलं.

कामावर परत आल्यावर पहिल्या रात्री मी नकाशात तळीये उघडलं. कोंढाळकरवाडी जशीच्या तशी होती. उन्हातला फोटो, पत्रे चमकतायत, अंगणात काहीतरी वाळत घातलंय. मी ते बघत बसलो आणि माझा ठिपका पिवळा झाला. कितीतरी महिने तो फोटो तसाच होता.

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला फेसबुक आणि व्हॉट्सअॅप सहाएक तास जगभर बंद पडलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात दुसरा विषय नव्हता, वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर बातम्या. जुलैत आमच्या वाडीत आठ दिवस रेंज नव्हती, आणि ती कधी आली हेही कुणी कुठं छापलं नाही. मला यात कुणाचा दुष्टपणा दिसत नाही. टॉवर गिऱ्हाईक बघून उभा राहतो, आणि ऐंशी उंबऱ्यांच्या वाडीत गिऱ्हाईक थोडं. पण म्हणूनच हे काम गिऱ्हाइकावर सोडायचं नसतं, असं मला मनापासून वाटतं. २००५च्या जुलैत आमच्याच तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथं दरडी पडल्या होत्या. धोका कुठं आहे हे कुणाला नवं नव्हतं.

२० जुलै २०२३ला सकाळी माझा फोन जोरात किंचाळला. आपत्तीच्या इशाऱ्याची सरकारी चाचणी होती. आदल्याच रात्री खालापूरची इर्शाळवाडी डोंगराखाली गेली होती. ही व्यवस्था हवीच, त्याबद्दल मला शंका नाही. पण इशारा पोचायला टॉवर जिता लागतो, आणि घरातला फोन तांदळाच्या डब्यात बंद नसावा लागतो.

म्हणून आता मी दरवर्षी मे महिन्यात रजा काढतो आणि आमच्या वाडीची यादी करतो. घरवार, कागदावर, शाईच्या पेनानं. कोण गावात, कोण मुंबईला, कोण अंथरुणाला खिळलेलं, कुणाकडं लहान मूल. झाडाखालची घरं पहिल्यांदा. तीन प्रती करतो. एक अंगणवाडीच्या ताईंकडं, एक लालबागच्या गाळ्यात, एक माझ्या बॅगेत. लोक आधी हसले. आता मी दारात गेलो की आपणहून सांगतात, सुनेचं नाव घाल, ती आता इथंच आहे.

या मेमध्ये आमच्या घराशी आलो तेव्हा आईच्या नावापुढं 'घरात' असं लिहून पुढं निघालो होतो. तिनं हाक मारून थांबवलं.

"नुसतं घरात लिहू नको. पावसात मी माजघरात नाय झोपत, गळतं तिथं. पुढच्या पडवीत झोपते, गोठ्याच्या भिंतीकडं. तसं लिही."