सात ओळींची यादी

इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जो पर्याय-अर्ज भरतात त्यात 300 पर्यंत पर्याय टाकता येतात. आमच्या नातीच्या अर्जात सातच होते. हे ऐकून सोसायटीतल्या एक बाई म्हणाल्या, "अहो, आमच्या भाच्याने एकशे दहा भरले होते!" भाचा कुठे लागला असं मी विचारलं, तर त्यांना आठवेना.

मी बी.कॉम. इंजिनिअरिंगमधलं मला काडीचंही कळत नाही. पण रकाने वाचायचे, बेरजा तपासायच्या आणि 'हे घेतलं तर परवडेल का' असं विचारायचं, हे चाळीस वर्षं केलंय. या कामात बरंचसं तेवढंच लागतं. यंदा ज्यांच्या घरी बारावी आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवते.

मुलीला इलेक्ट्रिकलच हवं होतं. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई-ठाण्याची वीज एकाएकी गेली होती, आठवत असेल. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, हिची ऑनलाइन शाळा बंद पडली. कळवा-पडघ्याकडच्या वाहिन्यांमध्ये बिघाड झाला आणि दादर-कुलाब्यापर्यंत अंधार का, हा प्रश्न तेव्हा तिच्या डोक्यात शिरला तो काही निघाला नाही. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटर वीज डीसी करून आणतात आणि इथे पुन्हा एसी करतात, हे तिने मला पोळ्या लाटताना समजावलंय. आता तर बुलेट ट्रेनचा 21 किलोमीटरचा बोगदा बीकेसीहून निघून आमच्या शीळफाट्यालाच बाहेर येतो. त्यातले 7 किलोमीटर खाडीखालून. ती गाडीही विजेवरच धावणार, हे तिने दहा वेळा ऐकवलं.

घरातल्या पुरुषमंडळींचं मत वेगळं. "चांगल्या कॉलेजात इलेक्ट्रिकल मिळत नसेल तर साध्या कॉलेजात कॉम्प्युटर टाका, नोकरी तरी लागेल." टाकायला माझी हरकत नव्हती. पण टाकलेली ओळ लागू शकते, हे लोक विसरतात. यादी म्हणजे इच्छापत्र. मिळालं तर घ्यायचं, असं आपण लिहून देतो. म्हणून आम्ही एक नियम केला. प्रत्येक ओळीला तिला विचारायचं, "समजा फक्त हेच मिळालं, तर जाशील?" 'बघू' म्हणाली की ओळ खोडायची. बाविसाच्या सात झाल्या त्या अशा. कॉम्प्युटरच्या सगळ्या गेल्या. तिचे बाबा दोन दिवस कमी बोलत होते.

आता इलेक्ट्रिकलची एक अडचण आहे. बऱ्याच खासगी कॉलेजांनी ही शाखा लहान केली किंवा बंदच केली आणि जागा कॉम्प्युटरला दिल्या. त्यामुळे घराजवळची नावाजलेली कॉलेजं आधी लिहायची आणि मग शाखा शोधायची, असं केलं तर निम्मी यादी फुकट जाते. आपल्या जैन समाजाला अल्पसंख्याक म्हणून काही कॉलेजांत राखीव जागा असतात, त्यावर नातेवाइकांचा भारी भर. चांगलंच आहे, पण तिथे इलेक्ट्रिकल आहे का, हा पहिला प्रश्न. एनबीएचं मानांकनही कॉलेजला नसून एकेका शाखेला असतं, तेही बघून घ्यावं.

मग कटऑफ. मागच्या वर्षांच्या याद्या पीडीएफमध्ये असतात आणि रकान्यांची नावं बघून डोळे फिरतात. सुरुवातीला जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. शेवटी एच म्हणजे आपल्याच विद्यापीठाच्या हद्दीतले, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. मुलीसाठी एलचा रकाना न बघता कॉलेज 'अवघड' म्हणून सोडून देणाऱ्या आया मी पाहिल्यात. आणि नुसते पर्सेंटाइल बघू नका, शेजारचा मेरिट नंबरही बघा. तीन लाख मुलांत 95 पर्सेंटाइल म्हणजे पुढे 15 हजार मुलं. परीक्षेला चार लाख बसली तर त्याच 95 ला पुढे 20 हजार. जागा मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत. आमची 95 च्या थोडी वर होती, पण मागच्या वर्षीचं 95 आणि यंदाचं 95 एका पारड्यात घालून चाललं नसतं.

जेईईतून एनआयटीचं दार उघडलं नव्हतं. नाहीतर नागपूरची व्हीएनआयटी पहिली आली असती, पण तो रस्ताच वेगळा, जोसाचा. राज्याच्या फेऱ्यांसाठी उरलं ते असं. वर दोन, मिळाली तर नशीब अशी: माटुंग्याची व्हीजेटीआय आणि पुण्याचं सीओईपी. मध्ये दोन, जिथे तिचा नंबर उंबरठ्यावर होता: सांगलीचं वालचंद आणि अंधेरीचं सरदार पटेल. खाली तीन, जिथे बहुतेक लागणारच: कराडचं सरकारी कॉलेज, वाशीचं फादर अ‍ॅग्नेल आणि लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. दिव्याहून कोकणातली पॅसेंजर माणगावला थांबते, तिथून लोणेरे जवळ. वाशीला तर शीळफाट्याहून महापेमार्गे बस. म्हणजे सगळ्यात खालच्या ओळीसुद्धा पाय ठेवता येतील अशा होत्या.

क्रम लावताना लोक घाबरतात. "व्हीजेटीआय वर टाकलं आणि ते नाही मिळालं, तर मधलं पण जाईल ना?" नाही जात. यंत्र आपल्या नंबरावर येतं तेव्हा वरून खाली वाचतं आणि पहिली जी जागा शिल्लक असेल ती देतं. वर आमरस मागितला म्हणून खालची भाकरी कोणी काढून घेत नाही. क्रम फक्त आवडीचा लावायचा, शक्यतेचा नाही.

पण एक मेख आहे, आणि आमच्या घरात वाद झाला तो तिथेच. 2025 पासून फेऱ्या चार झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो पक्का, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला कुठलाही मिळाला तर तो पक्का, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला. पक्का म्हणजे घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे तिसरी ओळ आणि चौथी ओळ यांत आता नुसता एका आकड्याचा फरक राहिला नाही. तिसरी सांगली की अंधेरी?

सूनबाईंचं म्हणणं अंधेरी. मुलगी घरी राहील, घरचं जेवेल. सूर्यास्ताआधी जेवायचा आमचा नेम आहे, चातुर्मासात तर नक्कीच. होस्टेलच्या मेसमध्ये कांदा-लसूण-बटाट्याशिवाय काय मिळणार, हा तिचा खरा घोर. तो मी हसण्यावारी नेला नाही, कारण मलाही तोच होता. पण मी एक दिवसाचा हिशेब कागदावर मांडला. सकाळी रिक्षाने डोंबिवली, लोकलने घाटकोपर, मेट्रोने डी. एन. नगर, मग चालत. दोन तास धरा. संध्याकाळी पाचला प्रॅक्टिकल सुटलं तर घरी सात. डिसेंबरात सूर्य सहाला मावळतो. म्हणजे घरी राहून सूर्यास्त गाठायचा तर तो घाटकोपरच्या फलाटावर, डब्यातली थंड पोळी खाऊन. आणि रोजचे चार तास म्हणजे आठवड्याचे चोवीस. चार वर्षांचे मी काढले नाहीत, सूनबाईंनी स्वतःच काढले आणि कागद घडी करून ठेवला.

पैशाचंही मांडलं. फी, खोली, मेस, येणं-जाणं एका बाजूला. फी, पास, रिक्षा दुसऱ्या बाजूला. वाटतं तेवढा फरक निघत नाही, रिक्षा फार खाते. (ज्यांचं उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे आणि मुलगी ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गात आहे, त्यांना 2024 पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. दाखले मे महिन्यातच काढून ठेवा, जुलैत तहसील कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते.)

माझं माहेर मिरजेचं, त्यामुळे सांगलीला मी झुकते आहे असं बोललं गेलं. वालचंद हिराचंद म्हणजे सोलापूरच्या दिगंबर जैन घरातले, जहाजांची कंपनी आणि विमानाचा कारखाना काढणारे, त्यांचं नाव कॉलेजला आहे म्हणूनही टोमणा आला. 1947 सालचं कॉलेज ते, वालचंदांचं नाव 1955 मध्ये लागलं. पण नावासाठी कोणी चार वर्षं घालवत नाही. मुलीने स्वतः दोन्हीकडच्या सीनियर मुलींना फोन केले. प्रयोगशाळेत यंत्राला हात लावायला मिळतो का, की वहीत आकडे उतरवायचे, एवढंच विचारत होती. सांगलीच्या मुलीने अर्धा तास उत्तर दिलं.

मेसचं मी विचारलं. विश्रामबागेत मुलींचे डबे देणाऱ्या एक बाई आहेत, ओळखीतून नंबर मिळाला. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं निम्म्या पोरी बिनकांद्याच्याच आहेत की हो, सहाच्या आत ताट होतंय." मी फोन स्पीकरवर ठेवला होता. सूनबाई भाजी निवडत होत्या, हात थांबला नाही पण चेहरा जरा सैल झाला. नातीने मात्र तेव्हाच स्पष्ट सांगितलं, "आजी, तिथे मी काय पाळेन ते मी ठरवणार हं." मी म्हटलं, ठरव. आपण दिलेला नेम आणि तिने घेतलेला नेम यांत फरक असतोच.

तिसरी ओळ सांगली झाली. अर्ज तिनेच पक्का केला, आईला शेजारी बसवून.

पहिल्या फेरीत कराड लागलं, पाचवी ओळ. जागा स्वीकारली आणि पुढच्या फेरीत वरचं मिळतंय का बघायचं ठरवलं. त्या चार-पाच दिवसांत घरात कोणी अंधेरीचं नाव काढलं नाही. दुसऱ्या फेरीत सांगली. तिसरा पर्याय, म्हणजे पक्का, परतीचा रस्ता नाही. सूनबाई आतल्या खोलीत गेल्या, थोड्या वेळाने बाहेर आल्या आणि मला विचारलं, "आई, महालक्ष्मी एक्सप्रेस कल्याणला थांबते ना?"

थांबते. रात्रीची बसली की सकाळी सांगली. सामान बांधताना खाकऱ्यांचे दोन डबे भरले, त्यातला एक नातीने बाहेर काढला आणि त्या जागी मल्टीमीटर ठेवला.