पिवळा दिवा

मंडळी, आमच्या गाडीचा 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा महिनाभर विझेना. एका गॅरेजवाल्याने दोनदा मशीन लावून कोड पुसला. विसरवाडी येईस्तोवर दिवा पुन्हा हजर! मग म्हणाला, "सर, सेन्सर बदलू." मी नको म्हटलं. कोड होता पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता. (चहाडी सांगणाऱ्या पोराला बाकावर उभं करून वर्गातली खोडी थांबत नाही!)

गाडी उभी असली की थरथरायची, रेस दिली की शांत. म्हणजे मोजमापात न येणारी हवा कुठून तरी आत शिरत होती. दुसऱ्या एका तरुण मेकॅनिकने इंजिन चालू ठेवून कान लावला. बारीक सूं सूं आवाज... ब्रेकच्या बूस्टरकडे जाणाऱ्या रबरी नळीला चीर! नळी चिमटीत दाबली, थरथर थांबली.

इंजिनाच्या त्या ओढीवरच बूस्टर चालतो. नळी पुरती फाटली असती तर ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट झालं असतं. आणि लेक-जावई नातवंडांना घेऊन याच गाडीने कोंडाईबारी घाटातून धुळ्याला जाणार होते.

नळी बदलली. दिवा लगेच नाही, दोन-तीन दिवस गाडी फिरवल्यावर आपसूक विझला.