बुडी

एप्रिल 2021. इंदिरानगरमधल्या आमच्या घरी रात्री अडीच वाजता बाबांच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरने 84 हा आकडा दाखवला आणि बाबा म्हणाले, "यंत्र बिघडलंय. मला काहीही होत नाहीये."

आणि खरंच, काही होत असल्यासारखे ते दिसत नव्हते. उशीला टेकून बसले होते आणि सांगलीच्या कुणा चुलतभावाच्या जमिनीच्या वादाबद्दल बोलत होते. धाप नाही, घाम नाही. मी चिमटा काढून माझ्या बोटाला लावला. 98. पुन्हा त्यांच्या बोटाला. 85, मग 83. "माझी बोटं गार पडलीत," त्यांनी कारणही शोधलं. मी त्यांचे हात चोळले, गरम पाण्याची पिशवी दिली. खोटं कशाला बोलू, तासभर मीही त्यांच्याच बाजूने होते. हंड्रेड फीट रोडवरून एकामागून एक रुग्णवाहिका जात होत्या, आणि मी मात्र बोलत्या-हसत्या माणसावर विश्वास ठेवावा की त्या हजार रुपयांच्या चिमट्यावर, याचा विचार करत बसले होते.

चार वाजता डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आधी पालथं झोपवा, मग बाकीचं. खाट मिळाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, तिसऱ्या रुग्णालयात. अकरा दिवसांनी बाबा घरी आले. तो एक तास मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याबद्दल आम्ही कधी बोललोही नाही.

मी मुलांच्या मासिकांसाठी विज्ञानविषयक मजकूर मराठीत आणते. त्या कामात 2025 च्या मार्चमध्ये 'सायन्स' या नियतकालिकातला एक शोधनिबंध हाती आला, सीलवरचा. मराठीत सील म्हटलं की आधी लाखेचा शिक्का आठवतो, मग टाळं. 2020 साली बंगळुरात रुग्ण सापडलेल्या इमारती 'सील डाउन' करायचे. प्राण्याचा नंबर त्यानंतर. आपल्या किनाऱ्यावर तो राहतच नाही. त्याच्या मुलखात पोचलेली मराठी माणसं म्हटली की मला 1983-84 च्या अंटार्क्टिका मोहिमेतल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत आठवतात.

हा प्रयोग मात्र उत्तरेकडचा, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातला. सहा तरुण राखाडी सील. पाण्याच्या एका टोकाला श्वास घ्यायची पेटी, साठ मीटरवर दुसऱ्या टोकाला खाणं. सीलने पेटीत श्वास घ्यायचा, बुडी मारायची, खायचं आणि श्वासासाठी पुन्हा त्याच पेटीत यायचं. संशोधक पेटीतली हवा बदलत होते. कधी ऑक्सिजन दुपटीहून जास्त, कधी जवळपास निम्मा, कधी ऑक्सिजन नेहमीइतकाच पण कार्बन डायऑक्साइड साध्या हवेच्या दोनशे पट. ऑक्सिजन जास्त मिळाला की सील पाण्याखाली जास्त वेळ राहिले. कमी मिळाला की लवकर परतले. कार्बन डायऑक्साइड वाढवल्याने बुडीच्या वेळात फरक पडला नाही.

हे वाचून मी खुर्चीतून उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्याले.

कारण माणसाचं याच्या उलट आहे. श्वास रोखून धरल्यावर जो जीव घाबरा होतो तो मुख्यतः ऑक्सिजन संपल्यामुळे नव्हे, तर कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. कोविडमध्ये कित्येकांची फुप्फुसं ऑक्सिजन आत घ्यायला कमी पडत होती, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत होती. त्यामुळे धोक्याची घंटा वाजतच नव्हती. बाबा खोटं बोलत नव्हते, हट्टही करत नव्हते. त्यांना कळतच नव्हतं. आणि 84 चं तरी काय घेऊन बसलात! हत्ती सीलच्या रक्तातल्या ऑक्सिजनच्या नोंदी 2009 मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्या संशोधनातल्या जेसिका मीर पुढे अंतराळवीर झाल्या. लांब बुडीच्या शेवटी धमनीतल्या रक्तात हे प्रमाण 30 टक्क्यांच्याही खाली जातं, आणि तो प्राणी शुद्धीवर राहून वर येतो. शिवाय बरेचसे सील बुडी मारण्याआधी श्वास चक्क सोडून देतात. त्यांचा साठा छातीत नसतो, रक्तात आणि स्नायूंत असतो.

बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. संध्याकाळी बाल्कनीत चहा घेताना मी त्यांना हे सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. श्वास सोडून बुडी मारण्याशी मी आले तसे म्हणाले, "आम्ही उलटं करायचो."

कृष्णेच्या घाटावर, आयर्विन पुलाच्या बाजूला, पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो याच्या पैजा लागत. आधी वीस-पंचवीस वेळा भराभर श्वास घ्यायचे, छातीत वारा भरायचा म्हणून. बाबा तेव्हा बारा वर्षांचे. त्यांच्याच वर्गातला एक मुलगा तसा खाली गेला आणि वर आला नाही. मोठी माणसं म्हणाली, भोवऱ्यात सापडला. "त्या दिवशी पाणी संथ होतं," बाबा म्हणाले. हे मला त्यांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं.

भराभर श्वास घेतल्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो, आणि त्याच्याबरोबर घाबरं होणंही. पोहणारा पाण्याखालीच बेशुद्ध होतो. हे बाबांना सांगावं की नाही, मला ठरवता येईना. शेवटी सांगितलं.

बराच वेळ ते खालच्या रस्त्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तो तडफडला नसेल?"

"नाही बाबा. त्याला कळलंही नसेल."

"मी काठावर उभा राहून आकडे मोजत होतो," ते म्हणाले. "मोठ्याने. शंभरच्या पुढे गेलो तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते."

चहा निवला होता. मी कप उचलायला लागले तर त्यांनी हाताने थांबवलं. "ते सीलचं पुन्हा वाच," म्हणाले, "लवकर परत येतात ते."