क्वालालंपूर : मुलांच्या चालीने

चिमुकल्यांना घेऊन पहिलीच परदेशी सफर करायची असेल, तर मलेशियाचे क्वालालंपूर सोयीचे आहे. हलाल जेवण सहज मिळते. मॉलमध्येही ‘सुराऊ’, म्हणजे नमाजची खोली असते.

आधी मुलांचे पासपोर्ट काढून पाहा. लहानांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, आणि तिथे पोहोचताना किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते.

तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. त्यामुळे पहिला दिवस मुलांच्या झोपेसाठी मोकळा ठेवा. पुढे सकाळी एकच ठिकाण पुरे, कारण दुपारनंतर बहुधा पाऊस येतो. १९६५ साली खुली झालेली, छत्रीसारख्या छताची राष्ट्रीय मशीद एका दिवशी, पक्षी उद्यान दुसऱ्या दिवशी. पेट्रोनास टॉवरच्या पायथ्याशी बागेत मुलांना डुंबायला उथळ पाणी आहे; कपड्यांचा जादा जोड जवळ असू द्या.

सफरीत मोठ्यांना चार रकातींऐवजी दोन रकातींची सवलत आहे. मग दमलेल्या लेकराला सवलत का नको? यादीतली चार ठिकाणे राहिली तरी चालतील, मुले हसत घरी आली पाहिजेत.